जागतिक बँकेला निवडून कुणी दिलं?

प्रश्न असा आला आहे: जागतिक बँक, नाणेनिधी, जागतिक व्यापार संघटना यांतल्या कुणालाही आपण मत दिलेलं नाही. मग त्यांच्या अटी आपल्या शेतीला, आपल्या शहरांना, आपल्या कायद्यांना का लागू व्हाव्यात? आणि यावर उपाय म्हणून साऱ्या जगाची निवडून दिलेली एक संसदच असायला नको का?

मी 22 वर्षं परकीय कर्जावरच्या प्रकल्पांमध्ये पुनर्वसनाचं काम केलं. घरोघरचे सर्व्हे, बाधितांच्या याद्या, तक्रारींच्या सुनावण्या हेच माझं रोजचं काम होतं, त्यामुळे उत्तर त्याच अंगानं देणार. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत ज्याला अधिमान्यता म्हणतात, म्हणजे हुकूम देण्याचा मान्य झालेला हक्क, तो फक्त निवडणुकीतून येतो असं मला आता वाटत नाही. ज्याच्या घरावर निर्णय येऊन आदळतो, त्याला तो निर्णय पुन्हा उघडायला लावता येतो का, हे मी आधी बघते. आणि हे बघायला लागलं की बँक आणि नाणेनिधी जिथे बसतात त्या वॉशिंग्टनइतकीच दिल्ली आणि मुंबईचीही झडती घ्यावी लागते.

आधी या संस्था जन्मल्या कशा ते पाहू. जुलै 1944 मध्ये अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरमधल्या ब्रेटन वुड्सच्या एका हॉटेलात 44 देशांचे प्रतिनिधी तीन आठवडे बसले आणि नाणेनिधी व जागतिक बँक यांचा आराखडा ठरला. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते सर जेरेमी रेझमन, व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले अर्थखात्याचे सदस्य. सोबत षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. पुढे 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं तेच हे देशमुख. या मंडळींनी तिथे भारताची बाजू हिमतीनं मांडली. गरीब देशांच्या विकासाचा उल्लेख करारात यावा म्हणून आग्रह धरला, युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेल्या आपल्या स्टर्लिंगच्या, म्हणजे पौंडांच्या, थकबाकीचा विषय काढला. पण त्यांना पाठवलं होतं परकीय सरकारनं. त्याच जुलै महिन्यात नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तरी नाणेनिधीत भारताला 40 कोटी डॉलरचा कोटा, म्हणजे मतं ठरवणारा भांडवलाचा वाटा, मिळाला, क्रमानं सहावा. पुढे सोव्हिएत संघ आलाच नाही, म्हणून भारत पाचवा झाला आणि नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळावर आपला माणूस हक्कानं बसला. देशाला स्वातंत्र्य नव्हतं आणि खुर्ची मात्र होती. या संस्था उभ्या करताना लोकांची संमती हा निकष कुणी लावलाच नव्हता.

पैशावर मत मोजायचं, ही रीत तेव्हापासून चालत आली आहे. नाणेनिधीत अमेरिकेची मतं साधारण साडेसोळा टक्के, आपली पावणेतीन टक्क्यांच्या आत. कोटा बदलायचा किंवा घटनेत दुरुस्ती करायची तर 85 टक्के मतं लागतात, म्हणजे अमेरिकेचा नकार तेवढाच पुरतो. 2010 मध्ये भारत-चीनसारख्या देशांचा वाटा वाढवायचं ठरलं. जगातल्या बहुतेक देशांनी होकार दिला, पण अमेरिकी काँग्रेसची मंजुरी डिसेंबर 2015 पर्यंत आली नाही, आणि बदल लागू झाला जानेवारी 2016 मध्ये. बँकेचा अध्यक्ष आजवर नेहमी अमेरिकी नागरिक, नाणेनिधीचा प्रमुख नेहमी युरोपातला. सध्याचे बँकेचे अध्यक्ष अजय बंगा पुण्यात, खडकीला जन्मले याचा आपल्याला आनंद होतो, आणि व्हावाही. पण त्या खुर्चीवर ते अमेरिकेचे उमेदवार म्हणून पोहोचले. खडकीची त्यात भूमिका नाही.

आता साखळी कशी चालते ते बघा. गावातला माणूस खासदार निवडतो. खासदार सरकार बनवतात. सरकारचं अर्थखातं बँकेच्या मंडळावर एक संचालक नेमतं, आणि तो एकटा भारत, बांगलादेश, भूतान, श्रीलंका अशा चार देशांच्या वतीनं बोलतो. कागदावर ही साखळी पूर्ण आहे. तिचे समर्थक म्हणतात, प्रत्येक कडी लोकशाहीची आहे, मग तक्रार कसली? तक्रार ही की ताण पडला की साखळी नेमकी कुठे तुटते, हे आपण एकदा नीट पाहिलेलं आहे, आणि तेही महाराष्ट्रात.

अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या 33 गावांपैकी पहिलं. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. 1985 मध्ये बँकेनं या प्रकल्पाला 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. किती माणसं उठणार आणि जाणार कुठे, याचा धड हिशेब तेव्हा कुणाकडे नव्हता. नर्मदेच्या पाण्यावरून राज्यांमधला तंटा सोडवणाऱ्या लवादाचा 1979 चा निवाडा होता, जमिनीला जमीन द्यायची असं त्यात लिहिलं होतं, पण सातपुड्यातल्या त्या पाड्यांवरच्या कित्येकांच्या नावावर सातबाराच नव्हता. वनजमीन कसणारा माणूस कागदावर अतिक्रमण करणारा ठरत होता. जो कागदावर नाही, तो साखळीच्या पहिल्या कडीलाही हात लावू शकत नाही.

मग हललं काय? ऑक्टोबर 1989 मध्ये मेधा पाटकरांनी अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे साक्ष दिली. बँकेच्या निधीला मंजुरी देणारं ते सभागृह, म्हणून बँकेनं कान टवकारले. 1991 मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली गेली. तिनं जून 1992 मध्ये सांगितलं की या प्रकल्पांतून बँकेनं मागे पाऊल घ्यावं, कारण आहे त्या परिस्थितीत पुनर्वसन शक्य नाही. ऑक्टोबरमध्ये मंडळापुढे विषय आला. अमेरिका, जपान, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि नॉर्डिक देशांचे संचालक कर्ज चालू ठेवण्याच्या विरुद्ध गेले, तरी बहुमत सहा महिन्यांच्या अटींवर चालू ठेवण्याचं झालं. मार्च 1993 च्या अखेरीस भारत सरकारनं कळवलं की उरलेला पैसा आम्हाला नको. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेनं तपासणी पॅनेल स्थापन केलं. कर्ज देणाऱ्या संस्थेविरुद्ध बाधित माणसानं थेट तक्रार करण्याची ही पहिलीच सोय. तिच्यामागे मणिबेलीसारख्या गावांचा लढा आहे.

हे प्रकरण मला आजही अस्वस्थ करतं. आदिवासींचा आवाज मंडळापर्यंत पोहोचला तो त्यांनी निवडलेल्या आमदार-खासदारांमार्फत नव्हे, त्यांनी कधीही मत न दिलेल्या परक्या देशाच्या सभागृहामार्फत. मंडळात भारताचं मत होतं, पण ते मणिबेलीचं मत नव्हतं. आणि बँक गेल्यावर काय झालं? बाहेरून प्रश्न विचारणारा गेला, धरण चालूच राहिलं. 18 ऑक्टोबर 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक अशा निकालानं टप्प्याटप्प्यानं उंची वाढवायला परवानगी दिली. 138.68 मीटरचं धरण 2017 मध्ये लोकार्पण झालं. हे सगळं निवडून आलेल्या सरकारांच्या काळात झालं. त्यामुळे निवडून दिलेलं ते वैध आणि न दिलेलं ते अवैध, अशी सरळ रेघ कुणी ओढली की माझ्या डोळ्यांसमोर ती गावं येतात. बँकेची बाजू घेण्यासाठी मी हे लिहीत नाही. तिनं 1985 साली डोळे मिटून सही केली नसती तर पुढचं बरंच टळलं असतं.

पॅनेलचं दार प्रत्यक्षात किती उघडतं, याचं उदाहरण मुंबईत आहे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाला बँकेनं 2002 मध्ये कर्ज दिलं. रेल्वेमार्ग आणि रस्ते रुंद करण्यासाठी माणसं हलवायची होती, आणि आधीच्या अंदाजापेक्षा संख्या बरीच वाढून सुमारे 1 लाख 20 हजारांवर गेली. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यावरच्या कुर्ला भागातले दुकानदार आणि रहिवासी 2004 मध्ये पॅनेलकडे गेले. त्यांचं म्हणणं असं की सर्व्हेत आमच्या धंद्याचा आकार धरलाच नाही, सगळ्यांना 225 चौरस फुटांचं एकच माप लावलं, आणि पाठवणार ते मानखुर्दला, जिथे आमचं गिऱ्हाईक येणार नाही. पॅनेलनं चौकशी करून बऱ्याच तक्रारींत तथ्य असल्याचा अहवाल दिला. 1 मार्च 2006 पासून बँकेनं रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचा पैसा थांबवला, जूनअखेर तो पुन्हा सुरू केला. चार महिन्यांत ज्या दुरुस्त्यांची बोलणी झाली, ती आधीची दोन वर्षं अर्ज-विनंत्यांनी झाली नव्हती.

एक प्रसंग माझ्या स्वतःच्या कामातला सांगते, वेगळ्या प्रकल्पातला. नाव घेत नाही. पालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये तक्रार निवारणाची बैठक होती. पत्रे कापण्याचं आणि वेल्डिंगचं दुकान असलेले साठीचे एक गृहस्थ आले. हातात दुधाच्या पिशवीसारखी जाड प्लास्टिकची पिशवी, तिच्यात गुमास्ता परवाना, लाईट बिलं आणि 1978 पासूनच्या भाडेपावत्या, दर वर्षाच्या वेगळ्या, रबर लावून. त्यांच्या शटरवर तेलरंगानं सर्व्हे नंबर घातलेला होता, पण यादीत त्या नंबरासमोर लिहिलं होतं ‘लहान दुकान’. आत पोटमाळ्यासकट तिप्पट जागा होती. समितीवर आम्ही तिघं. त्यातले दोघे ज्या कार्यालयानं सर्व्हे करवला त्याच कार्यालयाचे. गृहस्थांनी पावत्या टेबलावर मांडल्या, कुणी हात लावला नाही, आणि त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “बाई, ज्यांनी मोजलं तेच परत तपासणार का?” मला उत्तर देता आलं नाही. यादी अंतिम झाली आहे, एवढाच शेरा पडला. मी त्या शेऱ्याखाली सही केली. ती सही करायला नको होती.

वर्षभरानं बाहेरच्या तज्ज्ञांची पाहणी आली. त्यांनी दुभाषा घेतला, त्या दुकानात जाऊन टेप लावली, माप घेतलं, पावत्या वाचून घेतल्या. सगळं मिळून दोन तास लागले. गृहस्थांचं माप बरोबर निघालं. माप घेणारे त्यांनी निवडून दिलेले नव्हते. मोजायला नकार देणारे आम्ही मात्र त्यांच्याच करातून पगार घेणारे, त्यांच्याच निवडून दिलेल्या सरकारला जबाबदार असलेले. अधिमान्यता या शब्दाचा अर्थ मला त्या दोन तासांत कळला.

अर्थात पॅनेल म्हणजे न्यायालय नाही. बँकेनं स्वतःची धोरणं पाळली की नाही, एवढंच ते तपासतं. प्रकल्प रद्द करणं, नुकसानभरपाईचा हुकूम देणं त्याच्या हातात नाही. न्यायालयात जायचं म्हटलं तर या संस्थांना कायद्याचं कवच आहे. कच्छमधल्या मुंद्र्याच्या औष्णिक वीज प्रकल्पाला बँकेच्याच गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळानं 45 कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. तिथल्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी अमेरिकेत दावा लावला. 2019 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध एक असा निकाल दिला की या संस्थांना सरसकट संरक्षण नाही. मोठा विजय होता तो. पण पुढे खालच्या न्यायालयांनी म्हटलं की तक्रारीचं मूळ कृत्य अमेरिकेत घडलेलंच नाही, आणि दावा तिथेच संपला.

आता दिल्लीकडे. कुठलाही आंतरराष्ट्रीय करार करायला आपल्या संसदेची आधी मंजुरी लागत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत 14 व्या क्रमांकावर परदेशांशी करार आहेत. राज्यांच्या यादीत 14 व्याच क्रमांकावर शेती आहे. आणि कलम 253 सांगतं की करार अमलात आणण्यासाठी संसद राज्यांच्या विषयावरही कायदा करू शकते. 15 एप्रिल 1994 रोजी मोरोक्कोतल्या माराकेशला जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर भारताची सही झाली, त्यात शेतीचा करार होता. त्या सहीआधी लोकसभेत मतदान झालं नाही, आणि शेती ज्यांचा विषय त्या विधानसभांनाही कुणी विचारलं नाही. व्यापार संघटनेचं मुख्यालय जिनिव्हाला, म्हणून आपण जिनिव्हाला नावं ठेवतो, पण ही कडी जिनिव्हानं तोडलेली नाही. करार कसे करावेत याचा कायदा संसदेनं करावा, अशी शिफारस घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या वेंकटचलय्या आयोगानं 2002 मध्ये केली. तो कायदा अजून झालेला नाही.

संसदेच्या हातात कागद आला की काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. त्याच व्यापार संघटनेच्या अटींमुळे पेटंट कायदा बदलावा लागला. 2005 ची दुरुस्ती सभागृहात आली, भांडणं झाली, आणि त्या भांडणातून कलम 3(ड) कडक झालं: जुन्याच औषधाचं नवं रूप, परिणाम वाढल्याशिवाय, पेटंटला पात्र नाही. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिस या स्विस कंपनीच्या कर्करोगावरच्या औषधाला याच कलमाखाली पेटंट नाकारलं. आंतरराष्ट्रीय बंधन तेच होतं. त्याच्या आत किती जागा आहे हे आमच्या खासदारांनी शोधून काढलं, म्हणून भारतात स्वस्त औषध मिळत राहिलं. या विषयावर बोलताना मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती इथे.

जगाच्या संसदेबद्दल थोडक्यात. लोकसंख्येनुसार जागा दिल्या तर भारत आणि चीन मिळून सुमारे एक तृतीयांश होतात. भूतानला तिथे काय वाटेल? देशागणिक एक मत दिलं तर व्यापार संघटनेत तेच आहे, सगळं सर्वसंमतीनं. पण अमेरिकेनं नेमणुका अडवल्या आणि डिसेंबर 2019 पासून संघटनेचं, व्यापारी तंट्यांवरची अपिलं ऐकणारं मंडळ बसूच शकलेलं नाही. थेट निवडणुकीचा सगळ्यात मोठा प्रयोग युरोपचा. युरोपीय संसदेसाठी 1979 मध्ये जवळपास 62 टक्के लोकांनी मतदान केलं. त्यानंतर तिचे अधिकार वाढत गेले आणि मतदान उतरत 2014 मध्ये 43 टक्क्यांच्या खाली आलं. 2024 मध्ये ते 51 च्या आसपास होतं. आणि खरी कसोटी आली तेव्हा ती संसद बाजूलाच होती. 5 जुलै 2015 रोजी ग्रीसच्या 61 टक्के मतदारांनी कर्जाच्या अटींना नकार दिला, आणि आठवडाभरात त्यांच्या सरकारला त्याहून कडक अटी मान्य कराव्या लागल्या. पैसे देणाऱ्या जर्मनीलाही मतदार होते आणि त्यांचंही म्हणणं होतं, हे खरं आहे. म्हणून मी जगाच्या संसदेची वाट बघत बसणार नाही. माझं काम करणारी माणसं तितकी थांबू शकत नाहीत.

मला हवं आहे ते जवळचं आहे. करारांचा मसुदा सहीआधी संसदेच्या समितीपुढे जावा, शेतीसारखा विषय असेल तर विधानसभांपुढेही. बँकेच्या मंडळात भारताच्या संचालकानं कुठल्या प्रकल्पावर काय भूमिका घेतली, ते दर वर्षी लोकसभेत मांडलं जावं. प्रकल्पाचे अहवाल शेकडो पानांचे इंग्रजीत आणि मराठीत चार पानांचा सारांश, हे थांबावं. आणि तक्रार ऐकणाऱ्या समितीवर सर्व्हे करणाऱ्या कार्यालयाचा एकही माणूस नसावा. यातल्या शेवटच्या गोष्टीला ना जागतिक करार लागतो ना घटनादुरुस्ती, राज्य सरकारचा एक शासन निर्णय पुरतो.

तोवर, ज्यांच्या दारावर नंबर पडला आहे त्यांच्यासाठी. प्रकल्पाला जागतिक बँकेचा पैसा आहे का ते आधी विचारा, माहिती अधिकारात अर्ज टाका. प्रकल्प कार्यालयाकडे आणि बँकेच्या अधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार करा आणि पोच घ्या, कारण आधी बँकेकडे दाद मागितली होती का हे पॅनेल विचारतंच. पॅनेलकडे जायला समान हित असलेली दोन माणसं पुरतात. वकील लागत नाही, फी नाही. अर्ज मराठीत चालतो. नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. कर्जाचा हिशेब बंद झाल्यावर मुदत संपत जाते, तेव्हा उशीर करू नका. आणि पावत्या जपून ठेवा, दर वर्षाच्या वेगळ्या. मूळ प्रत कुणालाही देऊ नका.